अर्धशिशी आणि ज्ञानतंतु



मनुष्याच्या दुखण्यांत डोकेदुखीइतकें परिचित आणि तितकेंच उपेक्षित असें दुसरें दुखणें क्वचितच आढळेल. हात मोडला तर झोळी दिसते, ताप आला तर तो हाताला लागतो, जखम झाली तर रक्त साक्ष देतें. परंतु डोकें दुखत आहे याला सांगणाऱ्याच्या शब्दाखेरीज दुसरा साक्षीदार नसतो. म्हणूनच "माझें डोकें दुखतें" हें वाक्य आपल्याकडे काम टाळण्याची सबब म्हणून बदनाम झालें आहे. ज्याचें डोकें वर्षांतून चार वेळां दुखतें त्याला या अविश्वासाची झळ लागत नाहीं. पण महिन्याचे पंधरा-पंधरा दिवस ज्याला दिवा सहन होत नाहीं, बोलणें सहन होत नाहीं, आणि एकामागून एक औषधें घेऊनहि ज्याची व्यथा हटत नाहीं, त्याच्या वाट्याला दोन दुखणीं येतात: एक मस्तकांतलें, आणि दुसरें, आपलें कोणी खरें मानीत नाहीं हें. अशा हट्टी शिरःशूलाकरितां ज्ञानतंतूंवरच उपचार करण्याची जी पद्धति आज पुढें आली आहे, तिचा इतिहास मी आपल्यापुढें ठेवणार आहें. हा इतिहास वाटतो तितका नवा नाहीं, आणि सर्वस्वीं परकाहि नाहीं.

प्रथम नांवाचा विचार करूं. आपला 'अर्धशिशी' हा शब्द संस्कृत 'अर्धशीर्ष' या शब्दाचें घरगुती रूप आहे. ग्रीक वैद्यांनीं याच दुखण्याला 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धी कवटी, असें नांव दिलें, आणि त्याचाच अपभ्रंश होत होत 'मायग्रेन' हा शब्द यूरोपांत रूढ झाला. दूरदूरच्या देशांतील वैद्यांनीं एकाच खुणेवरून एका रोगाला ओळखावें, यावरून ती खूण किती ठळक आहे हें कळतें.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मस्तकाचे अकरा रोग सांगितले आहेत. त्यांत सूर्याबरोबर चढणारा व सूर्याबरोबरच उतरणारा सूर्यावर्त आहे. अर्ध्या मस्तकांत टोंचणारा, भोंवळ आणणारा अर्धावभेदक आहे. आणि मानेच्या मागील बाजूस पीडा करून पुढें डोळा, भुवई व कानशील यांत ठाण मांडणारा, गालाजवळ कंप उत्पन्न करणारा व जबडा जखडणारा असा अनंतवात आहे. वाग्भटाचें निरीक्षण तर फारच मार्मिक आहे. अर्धावभेदक हा पंधरवड्यानें किंवा महिन्यानें उसळतो आणि स्वतःच शमतो, असें तो सांगतो. श्रोत्यांनीं हें शेवटचें लक्षण ध्यानांत ठेवावें. जें दुखणें स्वतःच शमतें, त्याच्यावर त्या दिवशीं जो उपचार चालू असेल त्यालाच यशाचें श्रेय मिळतें. डोकेदुखीच्या उपचारांत खरें व खोटें निवडणें शतकानुशतकें इतकें अवघड कां गेलें, याचें उत्तर वाग्भटाच्या त्या एका लक्षणांत आहे.

या प्राचीन ग्रंथांतील एक उपचार आपल्या विषयाशीं विशेष निगडित आहे, आणि तो म्हणजे अग्निकर्म. चरकसंहितेंत अर्धावभेदकाच्या चिकित्सेच्या शेवटीं दहन सांगितलें आहे. सुश्रुतानें शिरोरोगांत डागण्याच्या जागाहि नेमून दिल्या आहेत: भुवई, ललाट आणि शंखप्रदेश म्हणजे कानशील. वाग्भटानें त्यांत एक मर्यादा घातली. डोकेदुखींत केवळ त्वचा डागावी, आणि तीहि वात, गाईचा दांत, सूर्यकांत मणि किंवा शर अशा साधनांनीं, असें त्याचें सांगणें आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका लिहिणारा हेमाद्रि हा तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. तेव्हां ही विद्या महाराष्ट्राच्या राजधानींत अभ्यासली जात होती, याविषयीं शंका नको.

मोठ्या शहरांतील व मोठ्या ग्रंथांतील ज्ञान लहान गांवच्या रोग्यापर्यंत केव्हां व कोणत्या रूपानें पोंचतें, हें वैद्यकाच्या इतिहासाचें खरें माप आहे. त्याकरितां आपण एक गांव घेऊं. पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या वाटेवर, भीमेच्या कांठीं खेड हें गांव आहे. १९०८ सालीं शिवराम हरि राजगुरु यांचा जन्म येथें झाला, आणि स्वातंत्र्यानंतर त्या हुतात्म्याच्या नांवावरून गांवाला राजगुरुनगर हें नांव मिळालें. तालुका मात्र अजून खेड याच नांवानें ओळखला जातो. या गांवीं पेशवाईच्या काळांत अर्धशिशीनें गांजलेली एक स्त्री होती, अशी आपण केवळ कल्पना करूं. इतिहासांत तिला शोधूं नये. साध्या घरच्या स्त्रीच्या डोकेदुखीची नोंद कोण ठेवणार?

तिच्यावर काय उपचार झाले असतील हें सांगणें मात्र कठीण नाहीं, कारण ते आपल्या आजीबाईंच्या बटव्यांत आजवर टिकून आहेत. सुंठ उगाळून कपाळावर लेप घातला असेल. वैद्य नाकाला मस्तकाचें द्वार मानीत, म्हणून नाकपुडींत कोमट तुपाचे थेंब सोडले असतील. सूर्योदयापूर्वीं कांहीं गोड खावयास दिलें असेल. अनंतवातावर मध व तूप यांनीं युक्त अशीं पक्वान्नें सांगणाऱ्या सुश्रुताशीं या घरगुती रिवाजाचें दूरचें नातें असावें. आणि एवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर कानशिलावर बिब्ब्याचा चटका किंवा तापलेल्या सळईचा डाग. ग्रंथांत वाग्भटानें घातलेली मर्यादा गांवच्या डागणाऱ्यानें पाळली असेलच असें नाहीं. त्या स्त्रीच्या कपाळावर जन्मभराचा व्रण राहिला असेल, आणि पुढच्या महिन्यांत अर्धशिशी पुन्हां आलीच असेल.

मग सुश्रुतानें भुवई आणि कानशील याच जागा कां निवडल्या? याचें उत्तर आजच्या शारीरशास्त्रांत शोधण्यासारखें आहे. आपल्या भुवईच्या आंतल्या बाजूस, डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेवर बोट फिरवलें, तर पुष्कळांना तेथें एक बारीक खांच हाताला लागते. त्या खांचेंतून एक ज्ञानतंतु बाहेर येऊन कपाळावर पसरतो. मेंदूपासून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकीं पांचव्या जोडीची ही शाखा आहे. या पांचव्या तंतूच्या तीन मोठ्या शाखा आहेत: एक कपाळाकडे, एक गालाकडे व एक जबड्याकडे. कानशिलावर येणारा तंतु या तिसऱ्या शाखेचा. डोक्याच्या मागच्या बाजूची संवेदना मात्र मानेच्या मणक्यांतून निघालेले निराळे तंतु नेतात. प्राचीन वैद्यांना हे तंतु आजच्या अर्थानें ठाऊक नव्हते. त्यांच्या विचारसरणींत वात हा या वेदनेचा कर्ता होता. परंतु रोगी कोठें हात दाबून धरतो हें त्यांनीं डोळसपणें पाहिलें होतें, आणि रोग्याचा हात बरोबर तंतूवरच पडत होता. जागा सांपडली होती. कारण सांपडावयाचें होतें.

असाच अनुभव रोमन लोकांनाहि आला होता. पहिल्या शतकांत स्क्रिबोनियस लार्गुस या वैद्यानें जुनाट डोकेदुखीवर जिवंत काळा टॉर्पेडो मासा दुखऱ्या जागीं धरण्यास सांगितलें आहे. हा मासा अंगांतून विजेचा धक्का देतो. वीज म्हणजे काय हें कोणास ठाऊक नसतां विजेनें डोकें बधिर करण्याचा हा प्रयोग झाला, आणि त्याचा धागा पुढें विसाव्या शतकांत पुन्हां हातीं लागला.

अठराव्या शतकांत यूरोपांतील शस्त्रवैद्य या प्रश्नाकडे नव्या जिद्दीनें वळले. त्यांचें लक्ष मुख्यतः चेहऱ्याच्या एका भयंकर कळेकडे होतें. ही कळ अर्धशिशीहून निराळी आहे. ती विजेसारखी क्षणांत येते व जाते, आणि घास चावला, दांत घांसले, वारा लागला, एवढ्यानेंहि ती उसळते. फ्रान्समधील निकोला आंद्रे यानें इ. स. १७५६ मध्यें तिचें वर्णन केलें आणि डोळ्याखालीं गालाच्या हाडांतून जेथें तंतु बाहेर येतो तेथें दाहक द्रव्य लावून तो तंतु जाळण्याचा प्रयत्न केला. आपल्या अग्निकर्माशीं याचें साम्य कोणाच्याहि ध्यानांत येईल. फरक इतकाच कीं वैद्य त्वचा डागीत होता, आणि आंद्रे जाणूनबुजून तंतूवर नेम धरीत होता.

पण नेम धरावयाचा तर नकाशा बरोबर हवा. त्या काळीं चेहऱ्यावरील कोणता तंतु वेदना नेतो आणि कोणता स्नायू हालवितो, याची निश्चिती नव्हती. त्यामुळें कित्येक शस्त्रवैद्यांनीं कळ थांबविण्याकरितां सातवा तंतु कापला. कळ तशीच राहिली, आणि रोग्याचें तोंड मात्र कायमचें वांकडें झालें. १८२० नंतरच्या दशकांत इंग्लंडमध्यें चार्ल्स बेल व फ्रान्समध्यें मॅजेंडी यांच्या संशोधनानें हा घोटाळा निस्तरला. चेहऱ्याची संवेदना पांचव्या तंतूकडे व हालचाल सातव्या तंतूकडे, हें तेव्हां स्पष्ट झालें. अपुऱ्या ज्ञानावर चालविलेल्या सुरीची किंमत सुरी चालविणाऱ्याला द्यावी लागत नाहीं, हा या प्रकरणाचा कटु धडा होय.

नकाशा हातीं आल्यावर सुरी अधिक खोल गेली. १८९० नंतरच्या कांहीं वर्षांत लंडनचे हॉर्स्ले, न्यूयॉर्कचे हार्टले आणि जर्मनीतील क्राउझे यांनीं कवटी उघडून पांचव्या तंतूच्या मुळाशीं असलेल्या गांठीपर्यंत शस्त्र नेलें. पुढें ही शस्त्रक्रिया सुधारली, मृत्यूंचें प्रमाण पुष्कळ घटलें, आणि चेहऱ्याच्या कळेनें जीव नकोसा झालेल्या रोग्यांना सुटका मिळाली. परंतु तंतु गेला म्हणजे वेदनेबरोबर सगळी संवेदना जाते. अर्धा चेहरा लाकडासारखा होतो. डोळ्यांत धूळ गेली तरी कळत नाहीं, आणि न कळलेल्या जखमेनें बुबुळावर व्रण पडून दृष्टि धोक्यांत येते. कांहींना तर त्या बधिर झालेल्या जागींच नवी, अखंड वेदना सुरू होई, आणि तिच्यावर औषध सांपडत नसे.

या अवस्थेंत एक सौम्य मार्ग दिसूं लागला. १८८४ सालीं व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यानें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करतां येतो हें दाखविलें. लवकरच अमेरिकेंत हॉल्स्टेड यानें तेंच औषध सुईनें तंतूजवळ सोडून तेवढाच भाग बधिर केला. कोकेन धोक्याचें होतें व त्याचें व्यसन जडे. १९०५ च्या सुमारास नोव्होकेन हें त्या मानानें निर्धोक औषध प्रचारांत आलें. १९०३ सालीं श्लोसर यानें तंतूंत मद्यार्क टोंचून तो दीर्घकाळ निकामी करण्याची रीत काढली. १९०८ मध्यें अमेरिकेंतील स्लडर यानें नाकाच्या मागील भागांतील एका तंतुगुच्छावर नाकावाटे कोकेन लावून चेहऱ्याच्या वेदना शमविण्याचा मार्ग सुचविला. नाकावाटे मस्तकावर उपचार करणाऱ्या आपल्या वैद्यांना या कल्पनेचें नवल वाटलें नसतें. मात्र तूप आणि कोकेन यांचें कार्य एकच, असें म्हणण्यास आधार नाहीं.

या सुईनें एक मोठें तत्त्व शिकविलें. कापण्यापूर्वीं तात्पुरतें बधिर करून पाहतां येतें. ज्या तंतूला झोपविल्यानें वेदना थांबते तो तंतु या कारस्थानांत सामील आहे, आणि थांबत नसेल तर त्याला कापून कांहींच लाभ नाहीं. औषध ओसरलें कीं सर्व पूर्ववत् होतें. परत फिरतां येईल असें पाऊल आधीं टाकावें, हा व्यवहारांतला शहाणपणा वैद्यकाला येथें गवसला.

या काळांत आपल्या खेडच्या रोगिणीची नात कोठें गेली असती? पुण्याचें ससून रुग्णालय १८६७ मध्यें उघडलें, आणि तें खेडपासून सुमारें ४० किलोमीटरांवर होतें. १८६३ सालीं बोरघाटांतून रेल्वे सुरू झाल्यावर पुण्याहून मुंबईस जाणें सुकर झालें, आणि तेथें १८४५ मध्यें स्थापन झालेलें ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालय होतें. परंतु मेंदू व ज्ञानतंतु यांचे स्वतंत्र तज्ज्ञ आपल्याकडे उभे राहिले ते स्वातंत्र्यानंतर. १९५० नंतरच्या दशकांत जे. जे. मध्यें डॉ. राम गिंडे यांनीं व के. ई. एम. मध्यें डॉ. होमी दस्तूर यांनीं मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला, आणि डॉ. नोशीर वाडिया यांनीं जे. जे. मध्यें मज्जातंतुविकारांचें शास्त्र वाढविलें. व्हिएन्नाच्या त्या थेंबांपासून येथपर्यंत साठसत्तर वर्षें गेलीं. तेवढ्या काळांत खेडच्या दोन पिढ्यांनीं डोक्याला फडकें बांधून दिवस काढले.

मध्यंतरीं रोगाचें कारणहि उलगडूं लागलें होतें. १९४० सालीं अमेरिकेंत रे आणि वुल्फ यांनीं, शस्त्रक्रियेच्या वेळीं जागे असलेल्या रोग्यांच्या साहाय्यानें, मेंदूच्या द्रव्याला स्वतःला वेदना कळत नाहीं. वेदना कळते ती मेंदूवरील आवरणाला व मोठ्या रक्तवाहिन्यांना, असें दाखविलें. ही वार्ता नेणारा मुख्य दूत पुन्हां तो पांचवा तंतूच. आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. पांचव्या तंतूच्या व मानेच्या वरच्या तंतूंच्या वार्ता पाठीच्या कण्याच्या अगदीं वरच्या भागांत एकाच ठिकाणीं येऊन मिळतात. म्हणून मान दुखली कीं भुवई ठणकते, आणि मानेच्या मागील तंतु बधिर केला कीं कित्येकदां भुवईमागचा ठणका शांत होतो. अनंतवाताच्या वर्णनांत मान आणि भुवई एकत्र कां आल्या, याचा हा उलगडा म्हणतां येईल.

१९६५ सालीं मेल्झॅक व वॉल यांनीं वेदनेच्या द्वाराचा सिद्धांत मांडला. त्यांचें म्हणणें असें कीं वेदना मेंदूकडे जातांना कण्यांत एका द्वारावरून जाते, आणि स्पर्शासारख्या दुसऱ्या संवेदनांनीं तें द्वार अंशतः मिटतां येतें. ठेंच लागली कीं आपण अंगठा चोळतों, तो याच कारणानें. या सिद्धांतांत पुढें पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी डागणें, चोळणें, लेप लावणें यांनीं घटकाभर बरें कां वाटतें याचें एक उत्तर त्यानें दिलें. त्यावरूनच तंतूंना मंद विजेनें चेतविण्याची कल्पना निघाली. १९६७ मध्यें वॉल व स्वीट यांनीं प्रथम स्वतःच्याच चेहऱ्यावरील तंतूंवर प्रयोग केले. १९९९ सालीं वायनर व रीड यांनीं मानेच्या मागें कातडीखालीं बारीक तारा बसवून हट्टी वेदनेवर उपचार केल्याचें प्रसिद्ध केलें, आणि २०१४ मध्यें कपाळावर बाहेरून लावण्याचें लहानसें यंत्र अमेरिकेंत मान्य झालें. रोमन वैद्याचा मासा एकोणीसशें वर्षांनीं घडीव रूपानें परत आला.

दुसरी वाट औषधांची. चेहऱ्यावरील सुरकुत्यांकरितां बोट्युलिनम टोंचून घेणाऱ्या कांहीं जणांची डोकेदुखी कमी झाल्याचें १९९२ च्या सुमारास आढळलें. त्यावर रीतसर कसोट्या होऊन, महिन्याचे पंधरा किंवा अधिक दिवस डोकें दुखणाऱ्या जुनाट अर्धशिशीकरितां २०१० मध्यें अमेरिकेंत हा उपचार मान्य झाला. कपाळ, कानशील, डोक्याची मागील बाजू, मान व खांदे मिळून ३१ जागीं लहान टोंचण्या, दर बारा आठवड्यांनीं. भुवई, ललाट आणि शंखप्रदेश या तीनहि जागा त्यांत आहेत. पांचव्या तंतूच्या टोकांशीं स्रवणारें एक द्रव्य अर्धशिशीच्या वेळीं वाढतें, असें एडविन्सन व गोड्सबी यांनीं दाखविलें, आणि त्याला अडविणारीं औषधें २०१८ पासून मिळूं लागलीं.

या सर्वांत साधा उपचार म्हणजे मानेच्या मागील तंतूला दिलेली टोंचणी. बधिर करणारें औषध, कधीं त्यासह स्टेरॉइड, बारीक सुईनें तंतूजवळ सोडतात; काम कांहीं मिनिटांचें, आणि रोगी त्याच दिवशीं घरीं जातो. एका डोळ्यामागें ठराविक वेळीं झुंडीनें येणाऱ्या अतितीव्र शूलांत स्टेरॉइडच्या टोंचणीचा गुण चांगला सिद्ध झाला आहे. अर्धशिशींतील कसोट्यांचे निकाल संमिश्र आहेत: कोणाला आठवडे आराम पडतो, कोणाला कांहींच नाहीं. कातडीखालच्या तारा सरकतात, तेथें जंतुदोष होतो, आणि खर्चहि मोठा. म्हणून त्यांचा क्रम शेवटीं. वाग्भटानें सांगितलेली 'स्वतःच शमण्याची' अडचण दूर करण्यासाठींच आज खऱ्या टोंचणीची तुलना नुसत्या खारट पाण्याच्या टोंचणीशीं करतात, आणि रोग्याला कोणती मिळाली हें सांगत नाहींत.

आज राजगुरुनगरच्या आसपासचें जीवन पालटलें आहे. चाकणच्या कारखान्यांत दिवसपाळी व रात्रपाळी आलटूनपालटून करणारे तरुण तेथें राहतात, आणि अनियमित झोंप ही अर्धशिशीची जुनी मैत्रीण आहे. पुण्याचे तज्ज्ञ आतां तासादोन तासांवर आहेत. तरीहि पहिला उपाय दुकानांतून घेतलेली गोळी हाच असतो, आणि तीच गोळी महिन्याचे दहापंधरा दिवस घेत राहिलें तर ती स्वतःच डोकेदुखी उत्पन्न करते. सुई किंवा यंत्र यांचा विचार करण्यापूर्वीं वैद्याला गोळ्यांचा हिशेब खरा सांगणें अवश्य आहे. तसेंच एकाएकीं उठलेला असह्य शूल, तापासह किंवा हातपाय लुळे पडून आलेली डोकेदुखी, अथवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, ही अर्धशिशी समजून घरीं बसूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

या दीर्घ कथेचा सारांश थोडक्यांत सांगतां येतो. रोग्याचा हात कोठें जातो हें पाहण्यांत जुने लोक कमी नव्हते. त्यांना साधन नव्हतें, म्हणून त्यांनीं डागलें. पुढच्यांना साधन मिळालें, म्हणून त्यांनीं कापलें. त्यानंतरच्यांना धीर आला, म्हणून त्यांनीं तंतूला शांत करून पाहिलें. जो डाग पुसत नाहीं व जो तंतु पुन्हां जुळत नाहीं, त्यांची घाई करूं नये, एवढा विवेक मिळवावयास कित्येक शतकें लागलीं. त्या विवेकाचा लाभ मात्र ज्याचें दुखणें खरें मानलें गेलें त्यालाच मिळतो. घरांत कोणी अंधाऱ्या खोलींत कपाळ दाबून पडलें असेल, तर दार हळूच ओढून घ्यावें आणि दुसऱ्या दिवशीं त्याला वैद्याकडे घेऊन जावें. खेडच्या त्या कल्पित स्त्रीला एवढेंहि मिळालें असेल कीं नाहीं, कोण जाणे.